शाळेच्या बाकावरून खंदकात
(रेमार्कच्या युद्धकादंबरीचा एक अभ्यास)

युद्ध हा साहित्याचा अतिशय जुना विषय आहे. महाभारत घ्या की इलियड घ्या, दोन्ही महाकाव्ये रणांगणाभोवतीच उभी आहेत. अवघ्या सोळा वर्षांच्या अभिमन्यूला चक्रव्यूहात शिरण्याची विद्या ठाऊक असते, बाहेर पडण्याची नसते. आणि ही गोष्ट त्याला पुढे पाठवणाऱ्या वडीलधाऱ्यांनाही माहीत असते. महाभारतकारांनी वडीलधाऱ्यांचा हा दोष झाकून ठेवलेला नाही. कोवळ्या मुलांना युद्धात धाडणाऱ्या मोठ्या माणसांची जबाबदारी कोणती, हा प्रश्न इतका प्राचीन आहे.

१९१४ ते १९१८ या काळातील पहिल्या महायुद्धाने हाच प्रश्न फार मोठ्या प्रमाणावर उभा केला. सर्व राष्ट्रांचे मिळून सुमारे नव्वद लाख ते एक कोटी सैनिक त्यात मेले. एकट्या जर्मनीचे वीस लाखांच्या घरात. त्यांतील कितीतरी जण शाळा-कॉलेजातून थेट सैन्यात गेलेले होते. या पिढीची कहाणी अनेकांनी लिहिली. फ्रान्समध्ये आंरी बार्ब्यूसने युद्ध चालू असतानाच, १९१६ साली, 'ल फ' (आग) ही कादंबरी लिहिली. हेमिंग्वेची 'अ फेअरवेल टू आर्म्स' १९२९ सालची. परंतु जगभरच्या वाचकांच्या मनात जी घर करून बसली, ती एरिश मारिया रेमार्क या जर्मन लेखकाची कादंबरी. इंग्रजी अनुवादातून 'ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट' या नावाने ती आपल्याकडेही परिचित आहे. प्रस्तुत लेखात तिचाच विचार करावयाचा आहे.

या कादंबरीने युद्धाची भीषणता दाखवली, असे तिच्याविषयी नेहमी म्हटले जाते. ते खरेच आहे. पण तेवढेच म्हणून थांबले तर कादंबरीचे खरे गाऱ्हाणे ऐकायचे राहून जाते. रेमार्कचे म्हणणे असे दिसते की, या मुलांचे निरागसपण खंदकात हरवले नाही. ते त्याआधीच, शाळेच्या वर्गात, ज्यांच्यावर त्यांचा विश्वास होता अशा माणसांनी काढून घेतले होते. खंदकात ते गेल्याचे फक्त समजले. ही बाजू आपण विद्यार्थी आणि प्राध्यापक यांनी विशेष लक्षपूर्वक पाहिली पाहिजे, कारण या कादंबरीतील आरोपीच्या पिंजऱ्यात शाळा उभी आहे.

लेखक आणि काळ

रेमार्कचा जन्म २२ जून १८९८ रोजी जर्मनीतील ओस्नाब्र्युक या गावी झाला. त्याने शिक्षक होण्याचे प्रशिक्षण घ्यायला सुरुवात केली होती, हा तपशील महत्त्वाचा आहे. नोव्हेंबर १९१६ मध्ये, अठरा वर्षांचा असताना, त्याची सक्तीने सैन्यात भरती झाली. जून १९१७ मध्ये तो पश्चिम आघाडीवर पोहोचला आणि ३१ जुलैला तोफगोळ्याच्या तुकड्यांनी जखमी झाला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्याची आई वारली. 'मारिया' हे तिचे नाव त्याने पुढे आपल्या नावात घेतले. युद्धानंतर काही काळ त्याने खरोखरच शाळामास्तरकी केली, मग वृत्तपत्रव्यवसायात शिरला.

ही कादंबरी प्रथम १९२८ च्या अखेरीस 'फोसिशे त्साइटुंग' या बर्लिनच्या दैनिकातून क्रमशः आली आणि जानेवारी १९२९ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. पहिल्या दीड वर्षात बावीस भाषांत मिळून तिच्या सुमारे पंचवीस लाख प्रती खपल्या. युद्ध संपून दहा वर्षे झाली होती. परत आलेले सैनिक आतापावेतो गप्प होते, आणि त्यांच्या घरच्यांना काय विचारावे ते कळत नव्हते. ते मौन या पुस्तकाने फोडले.

मूळ जर्मन शीर्षकाचा अर्थ 'पश्चिमेकडे नवीन काही नाही' असा आहे. लष्कराच्या दैनंदिन अहवालाची ती भाषा. ए. डब्ल्यू. व्हीन यांनी १९२९ साली केलेल्या इंग्रजी अनुवादात त्याचे 'सारे शांत आहे' असे झाले. इंग्रजी शीर्षक कानाला गोड लागते, पण मूळ शीर्षक अधिक निष्ठुर आहे. कादंबरीच्या शेवटी नायक ऑक्टोबर १९१८ मध्ये, युद्ध संपण्याच्या तोंडावर मरतो, आणि त्या दिवसाच्या अहवालात नवीन काही घडल्याची नोंद नसते. वीस-एक वर्षांचा मुलगा मरणे ही बातमी उरलेली नाही, इतकी ती रोजची झाली आहे. सबंध पुस्तकभर 'मी' म्हणून बोलणारा आवाज येथे थांबतो आणि त्याच्या मृत्यूची नोंद कोणी परका माणूस दोन परिच्छेदांत करून टाकतो.

शिक्षक आणि त्याचे शब्द

कथानक थोडक्यात असे. पाउल बॉयमर आणि त्याचे वर्गमित्र हे एका लहान गावातील शाळेचे विद्यार्थी. त्यांचे वर्गशिक्षक कांटोरेक युद्ध सुरू होताच वर्गात पितृभूमी, कर्तव्य, शौर्य यांवर व्याख्यानांमागून व्याख्याने देतात, आणि अखेर सबंध वर्ग त्यांच्या मागोमाग भरती कार्यालयात जाऊन नावे नोंदवतो. योझेफ बेम नावाचा एक गुबगुबीत, घरगुती वळणाचा मुलगा मात्र मनातून तयार नसतो. पण मागे राहिला तर लोक भित्रा म्हणतील. त्या दिवसांत आईबापांच्याही तोंडी हाच शब्द होता. म्हणून तोही जातो. आणि पहिल्यांदा मरणाऱ्यांत तोच असतो. डोळ्यांना जखम झालेली, मेला समजून सोबत्यांनी मागे सोडलेला, वेदनेने आंधळेपणी सरपटत असताना तो गोळी लागून मरतो.

रेमार्कने कांटोरेकला खलनायक केलेले नाही, हे त्याच्या लेखणीचे मोठेपण. कांटोरेकला आपण मुलांचे वाईट करतो आहोत असे वाटतच नाही. उलट आपण राष्ट्रकार्य करीत आहोत अशी त्याची प्रामाणिक समजूत आहे. असे हजारो कांटोरेक होते आणि सगळ्यांचाच हेतू चांगला होता, असे पाउलला उमगते. फक्त या राष्ट्रकार्याची किंमत त्यांना स्वतःला मोजावी लागत नव्हती. हा राग सूडाचा नाही. मुलांना पुढच्या आयुष्याची वाट दाखवायची, ज्ञानाच्या आणि कर्तव्याच्या जगात त्यांना हात धरून न्यायचे, असा एक अलिखित करार शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यात असतो. मुलांनी तो पाळला. त्यांनी विश्वास ठेवला. पहिला मृत्यू पाहिला आणि तो विश्वास कोसळला.

पुढे एक विनोदी वाटणारा प्रसंग येतो. कांटोरेकलाही राखीव दलात भरती व्हावे लागते आणि त्याची कवायत घ्यायला त्याचाच जुना विद्यार्थी मिटेलश्टेट उभा असतो. तो गुरुजींना त्यांचीच ठेवणीतली वाक्ये ऐकवीत मैदानावर पळवतो. वाचताना हसू येते खरे. पण ज्या मुलाला आपल्या शिक्षकाचा असा पाणउतारा करण्यात आनंद वाटतो, त्याच्या मनातून काय निघून गेले असेल? आदराची जागा जेव्हा सूड घेतो, तेव्हा हानी दोघांचीही झालेली असते.

कांटोरेकचाच दुसरा अवतार म्हणजे हिमेलश्टोस हा कवायत घेणारा कॉर्पोरल. गावात तो साधा पोस्टमन होता. घरोघर पत्रे वाटणारा, कोणाच्या अध्यातमध्यात नसणारा. गणवेश चढला, हाताखाली पोरे आली, आणि तो त्यांचा छळ करू लागला. राष्ट्राच्या नावाने मिळालेल्या अधिकाराला कोणी जाब विचारत नाही, आणि जाब नसला की सामान्य माणूसही किती क्रूर होऊ शकतो, याचे हे उदाहरण आहे. दहा आठवड्यांच्या या शिक्षणात मुलांना कळते की दहा वर्षांच्या शाळेपेक्षा चकचकीत बटणाला येथे अधिक मान आहे.

शाळेतल्या ज्ञानाचे पुढे काय होते? म्युलर नावाचा मुलगा आघाडीवरसुद्धा पाठ्यपुस्तके बाळगून असतो आणि तोफांच्या माऱ्यात भौतिकशास्त्राचे सिद्धान्त पुटपुटतो. एका प्रसंगी ही मुले एकमेकांना शाळेतले प्रश्न विचारून हसतात. पाऊसवाऱ्यात काडी कशी पेटवावी, संगीन कोठे खुपसली म्हणजे अडकत नाही, हे मात्र त्यांना कोणी शिकवले नव्हते. पाउलच्या टेबलाच्या खणात एक अर्धवट लिहिलेले नाटक आणि कवितांचे एक बाड पडून आहे. आता त्यांचे त्याला काहीच वाटत नाही. वयाने मोठ्या सैनिकांच्या मागे बायको, मुले, धंदा, शेत असे काहीतरी आहे. युद्ध त्यांच्या आयुष्यातील एक खंड आहे; ते ओलांडून पलीकडे जाता येईल. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांपाशी आईवडील, थोडे छंद, एखादी मैत्रीण आणि शाळा, याखेरीज काही नव्हते. त्यांची मुळे अजून जमिनीत गेलेलीच नव्हती, आणि पूर आला.

याउलट चाळिशीचा, धंद्याने चांभार असलेला काट्झिन्स्की. कोठूनही भाकरी पैदा करणारा, गोळ्याच्या आवाजावरून तो कोठे पडेल हे ओळखणारा हा अनुभवी माणूस या मुलांचा खरा शिक्षक ठरतो. युद्धाच्या सुरुवातीला गरीब आणि साधी माणसे चिंतेत होती, तर सुशिक्षित आणि सुस्थितीतील लोक आनंदाने बेहोष झाले होते, असे पाउलला आठवते. काट्झिन्स्कीच्या मते याचे कारण शिक्षणच. हा शेरा आपल्याला चटका लावून जातो. शिक्षणाने माणूस शहाणा होतो असे आपण गृहीत धरतो. पण जे शिक्षण मोठमोठे शब्द पाठ करून घेते आणि त्या शब्दांना प्रश्न विचारायला शिकवत नाही, ते माणसाला अधिक सहज फसवता येईल असा करून ठेवते.

घरी आलेला परका मुलगा

कादंबरीतील सर्वांत वेदनादायी भाग, माझ्या मते, लढाईच्या वर्णनांत नाही. तो पाउलच्या सतरा दिवसांच्या रजेत आहे. तो घरी येतो. भिंतीवर त्याने लहानपणी जमवलेली फुलपाखरांची पेटी तशीच आहे. आई आजारी आहे. त्याची खोली, त्याची पुस्तके जागच्या जागी आहेत. तो पुस्तकांसमोर बसून राहतो. एके काळी ज्या ओढीने ती हातात घेत असे, ती ओढ पुन्हा येईल म्हणून वाट पाहतो. काहीच येत नाही. पुस्तके मुकी राहतात. साहित्याच्या विद्यार्थ्याला याहून भयंकर प्रसंग कोणता वाटावा?

बाहेर गावातली प्रतिष्ठित मंडळी बिअरच्या टेबलाभोवती बसून, शत्रूचा कोणता मुलूख जिंकून घ्यावा याची चर्चा करतात आणि आघाडीवरून आलेल्या पोराला लढाई कशी जिंकावी ते समजावून देतात. नकाशावर बोट फिरवणारा माणूस आणि चिखलात पडलेला माणूस यांच्यामधले अंतर येथे स्पष्ट होते. राष्ट्रवादाचा ज्वर आघाडीवर नव्हे, तर आघाडीपासून दूर सुरक्षित असलेल्यांत अधिक चढतो, हे रेमार्कचे निरीक्षण मोलाचे आहे.

याच रजेत पाउल केमरिखच्या आईला भेटतो. केमरिख त्याचा वर्गमित्र. पाय कापल्यावर इस्पितळात तळमळून मेलेला. त्याचे मऊ कातड्याचे बूट म्युलरने मागून घेतले आणि पुढे ते एका मेलेल्याकडून दुसऱ्या मरणाऱ्याकडे जात राहतात. त्या आईला पाउल शपथेवर सांगतो की तुमचा मुलगा क्षणात, वेदनेविना गेला. हे खोटे आहे. पण कांटोरेकने सांगितलेले खोटे आणि पाउलने सांगितलेले खोटे यांत फरक आहे. एक मुलांना मरणाकडे ढकलणारे. दुसरे एका आईचे दुःख थोडे हलके करणारे. ज्या मुलाला शब्दांवरचा विश्वास उरलेला नाही, तो येथे दयेपोटी शब्द वापरतो. त्याची माणुसकी अजून जिवंत आहे, याची ही खूण आहे.

१९३० साली लुईस माइलस्टोनने या कादंबरीवर काढलेला अमेरिकन चित्रपट गाजला आणि त्याला ऑस्कर मिळाले. अलीकडे २०२२ साली एडवर्ड बर्गर यांनी केलेल्या जर्मन चित्रपटालाही चार ऑस्कर मिळाले. नव्या चित्रपटातील युद्धदृश्ये अंगावर येतात. परंतु घरच्या रजेचा हा सबंध भाग त्यात वगळलेला आहे. त्यामुळे तो युद्धाचा चित्रपट झाला. घर परके होण्याची वेदना त्यात राहिली नाही. कादंबरी ही चित्रपटापेक्षा वेगळी का वाचावी, याचे उत्तर येथे मिळते.

शत्रूचा चेहरा

राष्ट्रवादाचा धोका या कादंबरीत व्याख्यानाच्या रूपाने येत नाही. तो अगदी साध्या प्रश्नांतून येतो. कैसर सैन्याची पाहणी करून गेल्यानंतर सैनिक गप्पा मारीत बसतात. त्यादेन हा अडाणी वाटणारा सैनिक विचारतो, युद्ध सुरू तरी कसे होते? एका देशाने दुसऱ्याचा अपमान केला की, असे उत्तर मिळते. त्यावर तो 'देश' हा शब्द अक्षरशः घेतो. देश म्हणजे डोंगर, नद्या, शेते. त्यांनी कोणाचा अपमान केला? आणि मला तर कोणाचा अपमान झाल्यासारखे वाटत नाही, मग मी घरी का जाऊ नये? सगळे हसतात. पण राज्यसंस्था आणि जन्मभूमी या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि एकीच्या नावावर दुसरी आपले काम करवून घेते, हे या भाबड्या प्रश्नातून उघड होते.

रशियन युद्धकैद्यांवर पहारा करताना पाउलला असेच जाणवते. दाढीवाले, भुकेले, आपल्या खेड्यातल्या शेतकऱ्यांसारखे हे लोक. कोठल्या तरी टेबलावर, त्याला ठाऊक नसलेल्या माणसांनी एका कागदावर सह्या केल्या आणि हे आपले शत्रू झाले. हा विचार पुढे नेला तर लढणेच अशक्य होईल, म्हणून तो घाबरून तेथेच थांबतो, आणि युद्ध संपेपर्यंत हा विचार जपून ठेवायचे ठरवतो.

तो विचार त्याला पुढे सोडत नाही. एका खळग्यात लपलेला असताना अंगावर येऊन पडलेल्या फ्रेंच सैनिकाला तो सुऱ्याने भोसकतो. तो माणूस लगेच मरत नाही. कित्येक तास पाउलला त्याच्या शेजारी, त्याची घरघर ऐकत बसावे लागते. तो त्याला पाणी पाजतो, जखमा बांधतो. तो मेल्यावर त्याचे पाकीट उघडतो, तेव्हा त्यात बायकोचे आणि लहान मुलीचे छायाचित्र सापडते, आणि नाव कळते : जेरार द्युव्हाल, धंदा मुद्रकाचा. आतापर्यंत 'शत्रू' हा एक शब्द होता. आता त्याला नाव, घर, व्यवसाय मिळाला. पाउल त्याच्या बायकोला पत्र लिहीन, आपणही मुद्रक होईन, अशी वचने देऊ लागतो.

यानंतर जे घडते ते महत्त्वाचे. दुसऱ्या दिवशी तो आपल्या सोबत्यांत परततो. ते त्याची समजूत घालतात, आणि दूर दुर्बीण लावून नेम धरणारा, टिपलेल्या माणसांची मोजदाद ठेवणारा बंदूकबाज त्याला दाखवतात. पाउल म्हणतो, युद्ध ते युद्धच. वचने विरून जातात. दुबळा लेखक असता तर त्याने या प्रसंगानंतर नायकाचे परिवर्तन घडवून आणले असते. रेमार्क ते करीत नाही. निरागसपण जाणे म्हणजे वाईट कृत्य हातून घडणे एवढेच नव्हे. केलेल्या कृत्याचे दुःखही फार काळ न टिकणे, ही त्याची पुढची पायरी आहे.

काही आक्षेप

या कादंबरीवर घेतलेल्या आक्षेपांचा विचार केल्याखेरीज हे विवेचन एकांगी होईल. पहिला आक्षेप असा की, ती युद्धाच्या कारणांविषयी मौन पाळते. ऑगस्ट १९१४ मध्ये जर्मन फौजा तटस्थ बेल्जियममध्ये घुसल्या. हे सैनिक परक्या भूमीवर का आहेत, हा प्रश्न पाउल फारसा विचारीत नाही. सगळेच बळी, मग अपराधी कोण, असे वाचकाला वाटू शकते. हा आक्षेप निराधार नाही. त्याला उत्तर एवढेच की, एकोणीस वर्षांच्या मुलाच्या नजरेला जेवढे दिसते तेवढेच दाखवण्याचे बंधन लेखकाने स्वतःवर घालून घेतले आहे, आणि त्या नजरेची मर्यादा हाच कांटोरेकच्या शिकवणीचा परिणाम आहे.

दुसरा आक्षेप राष्ट्रवाद्यांचा. युद्धाने माणूस पोलादासारखा घडतो, असे मानणारेही तेथे होते. एर्न्स्ट युंगर हा अनेक वेळा जखमी झालेला शूर अधिकारी. त्याचे 'पोलादी वादळांत' हे अनुभवकथन १९२० साली आले. त्यातही चिखल, भीती आणि प्रेते यांचे वर्णन आहे. युंगर वास्तव लपवीत नाही. पण तेच वास्तव त्याला माणसाच्या कणखरपणाची कसोटी वाटते. म्हणजे नुसत्या भीषण वर्णनाने युद्धाविरुद्ध मत तयार होत नाही. ते कोणाच्या डोळ्यांनी पाहिले आणि शेवटी कोणाची बाजू मांडली, यावर सारे अवलंबून असते.

तिसरा प्रश्न आपल्याला अधिक जवळचा. मग देशावर प्रेम करूच नये काय? पारतंत्र्याशी झगडलेल्या समाजाला हा प्रश्न टाळता येणार नाही. येथे रवींद्रनाथांची आठवण अपरिहार्य आहे. महायुद्ध चालू असतानाच, १९१६-१७ मध्ये, त्यांनी जपान आणि अमेरिकेत राष्ट्रवादावर व्याख्याने देऊन त्याच्या यंत्रवत स्वार्थावर कठोर टीका केली. त्याच सुमाराची, १९१६ सालची, त्यांची 'घरे बाइरे' ही कादंबरी पाहावी. तिच्यात युद्ध नाही, बंगालमधील स्वदेशीची चळवळ आहे. तरीही संदीपच्या वक्तृत्वाने भारून जाऊन चोरी करायला आणि शेवटी मरायला तयार होणारा अमूल्य हा कोवळा पोर वाचताना योझेफ बेम आठवतो. देशावर प्रेम करणारा निखिलही त्याच कादंबरीत आहे. पण तो देशाला देव मानून त्याच्यापुढे न्यायाचा बळी द्यायला तयार नाही.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर साने गुरुजींचे उदाहरण डोळ्यांसमोर येते. अमळनेरच्या शाळेतील हा शिक्षक १९३० साली स्वातंत्र्यलढ्यात स्वतः उतरला, तुरुंगात गेला, आणि पुढे भाषाभाषांना जोडणाऱ्या 'आंतरभारती'चे स्वप्न त्याने पाहिले. त्यांनी मुलांपुढेही देश ठेवला होता. पण ज्या त्यागाविषयी ते बोलले तो त्यांनी आधी स्वतः केला, आणि देशप्रेमासाठी कोणाचा द्वेष शिकवण्याची त्यांना गरज पडली नाही. कांटोरेक आणि गुरुजी दोघेही 'देश' हाच शब्द उच्चारतात. तो शब्द उच्चारणारा त्याची किंमत कोणाकडून वसूल करतो, यावरून दोघांतला फरक कळतो.

भारतीय संदर्भ

या महायुद्धाशी आपला संबंध नव्हता असे नाही. दहा लाखांहून अधिक भारतीय सैनिक समुद्रापलीकडे पाठवले गेले. इंग्रजांची सहावी पुणे डिव्हिजन मेसोपोटेमियातील कुत येथे वेढ्यात अडकली आणि एप्रिल १९१६ मध्ये तिला शरण जावे लागले. तिच्यात मराठा पलटणीही होत्या. या सैनिकांची कथा मुल्कराज आनंद यांनी 'अक्रॉस द ब्लॅक वॉटर्स' (१९४०) या इंग्रजी कादंबरीत सांगितली आहे. तिचा नायक लालू हा पंजाबी शेतकऱ्याचा मुलगा. ज्या राष्ट्रासाठी तो फ्रान्समध्ये लढतो ते त्याचे नाहीच. पाउलची फसवणूक त्याच्याच देशाच्या नावाने झाली. लालूला तर तेवढा आधारही नव्हता.

मराठीत या विषयाला सर्वांत जवळून भिडणारी कादंबरी म्हणजे विश्राम बेडेकरांची 'रणांगण' (१९३९). शीर्षक रणांगणाचे, पण तिच्यात लढाई एकही नाही. युरोपहून मुंबईकडे निघालेल्या बोटीवर नाझी राजवटीतून परागंदा झालेले ज्यू प्रवासी आहेत. त्यांतील हेर्टा आणि भारतीय तरुण चक्रधर यांची ती कथा आहे. 'आपले' कोण आणि 'परके' कोण हे वंशावरून ठरवणाऱ्या राष्ट्रवादाने या माणसांना देशच उरू दिलेला नाही. रेमार्कने राष्ट्रवाद आपल्याच मुलांना कसा गिळतो ते दाखवले. बेडेकरांनी तो आपल्याच नागरिकांना कसा हद्दपार करतो ते दाखवले. दोन्ही पुस्तके एकापाठोपाठ वाचली तर १९१८ ते १९३९ हा प्रवास सलग दिसू लागतो.

समारोप

कादंबरीनंतर जे घडले ते कादंबरीइतकेच बोलके आहे. डिसेंबर १९३० मध्ये बर्लिनला चित्रपट लागला, तेव्हा गोबेल्सच्या नेतृत्वाखाली नाझींनी चित्रपटगृहात उंदीर सोडून आणि दुर्गंधीचे बाँब फोडून खेळ उधळले. काही दिवसांतच सरकारने चित्रपटावर बंदी घातली. १० मे १९३३ रोजी बर्लिनसह अनेक विद्यापीठांच्या गावांत पुस्तकांच्या होळ्या पेटल्या, आणि त्यांत रेमार्कचे पुस्तकही होते. ही होळी जर्मन विद्यार्थी संघटनेने आयोजित केली होती. विद्यार्थ्यांनी पुस्तके टाकली आणि काही प्राध्यापकांनी भाषणे केली. महायुद्धातील सैनिकांचा अपमान केला, हा रेमार्कवरचा आरोप. म्हणजे पाउलच्या पिढीला मरणाकडे नेणारे शब्द पंधरा वर्षांत पुन्हा वर्गात परतले होते, आणि या वेळी ते उच्चारायला कांटोरेकची गरज उरली नव्हती. विद्यार्थ्यांनाच ते पाठ होते. १९३८ साली रेमार्कचे नागरिकत्व काढून घेण्यात आले. तो स्वतः परदेशात सुरक्षित होता. परंतु जर्मनीत राहिलेल्या त्याच्या बहिणीला, एल्फ्रीड शोल्त्स हिला, युद्ध हरल्यातच जमा आहे असे बोलल्याच्या आरोपावरून डिसेंबर १९४३ मध्ये देहदंड देण्यात आला.

रेमार्कने १९३१ साली 'परतीची वाट' या अर्थाच्या शीर्षकाची पुढची कादंबरी लिहिली. तिचा निवेदक एर्न्स्ट हा युद्धातून जिवंत परत आलेला तरुण एका खेड्यात शाळामास्तर होतो. समोर बाकांवर मुले बसलेली असतात, विश्वासाने त्याच्याकडे पाहत असतात. आपण यांना काय शिकवणार, या प्रश्नाने तो अस्वस्थ होतो, आणि अखेर ती नोकरी सोडून देतो. कादंबरीच्या शेवटाकडे रानात लष्करी कवायत करणारी शाळकरी पोरे दिसतात.

एर्न्स्टने नोकरी सोडली हे समजण्यासारखे आहे. परंतु सगळ्याच एर्न्स्टांनी वर्ग सोडले तर तेथे कांटोरेकच उरतात. आपल्यापैकी अनेकजण उद्या शिक्षक होणार आहेत. शौर्य, त्याग, देश हे शब्द आपल्यालाही वर्गात उच्चारावे लागतील, आणि उच्चारावेतही. त्या वेळी समोरच्या बाकावर एखादा योझेफ बेम बसलेला असेल. मनातून तयार नसलेला, पण तसे म्हणायला धजत नसलेला. त्याला निर्भयपणे 'नाही' म्हणता येईल आणि 'का?' असे विचारता येईल, एवढी जागा आपल्या वर्गात राहिली, तर ही कादंबरी आपण नीट वाचली असे म्हणता येईल.